चार किलो

लुडलोच्या पुढे, टेकडीमागे, मेंढ्यांच्या वाड्याला लागून
एक पत्र्याची शेड.
दार वर ढकलताना हेडली म्हणाला,
"हिला दारं नाहीत. छप्पर नाही.
आधीच सांगून ठेवतो, मागून कुरकुर नको."

जाहिरातीत वाचलं होतं मी.
वाचणं वेगळं.
समोर ती माझ्या मांडीइतकी उंच,
खेकड्याच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दोन दिवे,
अंगाला रंगाचा थेंब नाही, नुसतं ॲल्युमिनियम.
रंगालाही वजन असतं, म्हणाला.

खोक्यांतून आली होती. अकरा वर्षं जोडली त्याने:
नळ्या, बोल्ट, भंगारातल्या फोर्डचं इंजिन,
आणि सूचनांची एक वही, जिचं सतरावं पान
कंपनीने कधी पाठवलंच नाही.
सतराव्या पानावर काय होतं, हेडलीला अजून ठाऊक नाही.
"चालते तरी."

वजन पाचशे वीस.
कुठे केलं? इथेच.
न्हाणीघरातले चार काटे, तीन शेजाऱ्यांकडून मागून आणलेले,
एकेका चाकाखाली एक.
पाद्रीबाईंचा काटा दोन किलो कमी दाखवायचा,
तेही हिशेबात धरलंय.

आत शिरायची रीत अशी:
स्टिअरिंग उपसून बाजूला ठेवायचं,
सीटवर उभं राहायचं,
मग हात टेकून, ओल्या मोज्यात पाय सारावा
तसं स्वतःला खाली सारायचं.
हेडलीच्या नव्या खुब्याला हे जमत नाही.
म्हणून विकायची.

मी सारलं स्वतःला.
वळणावरच्या दुधाच्या कॅनपर्यंत गेलो आणि परत आलो,
एवढंच.
रस्त्यातला एकेक खडा तिने बुडाला मोजून दिला.
शेण, ओलं कुंपण, तापलेलं तेल.
वारा लागला की हसू येतं
आणि हसलं की दातांत चिलटं.
एकसष्ट वर्षांचा मी, दोन चिलटं गिळून आलो
आणि उतरताच येईना.

नऊ हजार पौंड.
स्वयंपाकघराचं छत कोपऱ्यात गळतंय.
मेव्हण्याने फोनवर विचारलं होतं, वर्षातून चालवणार किती?
मी बोटं मोजली: मे महिन्यातले काही रविवार,
सप्टेंबरचे दोन,
जूनचं काही खरं नाही.
एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची उरली.
दोन बोटांनी मी उगाच बॉनेटचा पट्टा ओढून पाहिला.

पावत्यांची फाइल त्याने स्वतःहून दिली.
नट, गॅस्केट, पुन्हा नट.
मधेच एक: हीटर, नग एक.
त्यावर पेन्सिलीने, परत केला. चार किलो.

मी वर पाहिलं.
हेडली फडक्याने स्वच्छ असलेला आरसा पुसायला लागला.
"ऑलवेन म्हणायची, गुडघे गारठतात.
एकदाच आली बरोबर. मार्चमध्ये, क्लनपर्यंत."
मग?
"मग काय. चार किलो वाचले."

डाव्या सीटवर अजून चुणी नव्हती.

थेल्मा इतका वेळ आमच्या स्कोडात,
थर्मास मांडीत, शब्दकोडं गुडघ्यावर.
तिथे सीटसुद्धा गरम होते, बटण दाबलं की.
आता ती चिखल चुकवत आली,
वाकली,
मडकं वाजवून घ्यावं तशी पत्र्यावर टिचकी मारली.
"हीटर आहे का हिला?"

नाही, म्हटलं.
मेंढ्या ओरडत होत्या. कुणीतरी लांब गेट लावलं.
बसवता येईल, म्हटलं.

"वजन वाढेल," हेडली म्हणाला,
पण हळू, आणि आमच्यापैकी कुणाला
ते नक्की कळलं नाही.

थेल्मा एका पायावर उभी,
हात माझ्या खांद्यावर,
बुटाची नाडी सोडत होती.